वनमानुषाचं पिल्लू सोडवलं, पण पुढं? (भित्तिपत्रकासाठी नेमकी माहिती हवी)

जांबोटीचे_मास्तर

मंडळी, १९ ऑगस्टला जागतिक ओरांगउटान दिन असतो. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांसाठी चार पानी भित्तिपत्रक करायचं चाललंय, त्याचंच कन्नड रूप शेजारच्या कन्नड शाळांना द्यायचं आहे. तीन जाती, बोर्नियो-सुमात्राची जंगलं, पामतेलाचे मळे हा भाग तयार आहे. अडलंय ते एकाच ठिकाणी. पिल्लू माणसाच्या ताब्यातून सोडवलं इथपर्यंत सगळीकडं लिहिलेलं सापडतं. त्यानंतर केंद्रात त्याचे दिवस कसे जातात, ते काय खातं, कोण सांभाळतं, परत जंगलात जातं का, हे एकत्र कुठं मिळत नाही. "मग त्याला घरीच का नाही पाळलं?" असं सहावी-सातवीची पोरं विचारणारच. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

पशुवैद्य_चिकोडी

मास्तर, सुरुवात विलगीकरणापासून करा. बाहेरच्या माणसाला हाच भाग दिसत नाही.

नवा आलेला प्राणी कितीही तरतरीत दिसला तरी त्याला बाकीच्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवतात. किमान एक महिना. प्रत्यक्षात दोन-तीन महिने सहज जातात. त्याला सांभाळणारा माणूस वेगळा, बादली-खराटा वेगळा, बूटसुद्धा वेगळे. कारण आपले रोग त्याला होतात आणि त्याचे आपल्याला. सर्दी, क्षय, कावीळ ब, ओठावरची नागीण. पाळलेलं पिल्लू माणसांच्या खोकल्यात वाढलेलं असतं, ते काय घेऊन आलंय हे चेहऱ्यावरून कळत नाही.

रक्त, छातीचा एक्स-रे आणि वेगवेगळ्या दिवशी घेतलेले शेणाचे किमान तीन नमुने एवढं तरी तपासावं लागतं. एकाच नमुन्यावर "जंत नाहीत" म्हणणं चूक, कारण अंडी आणि अळ्या रोज बाहेर पडत नाहीत.

क्षयाच्या तपासणीत मोठी फसगत होते. ट्युबरक्युलिन (क्षयाच्या जंतूंचा अर्क) टोचून सूज येते का बघायची पद्धत माकडांना वापरतात. ओरांगउटानला मात्र क्षय नसतानाही बऱ्याचदा सूज येते. नुसत्या सुजेवर भरवसा ठेवला तर निरोगी जनावर वर्षभर औषधं खात बसतं. म्हणून एक्स-रे आणि श्वासनळीतला किंवा पोटातला स्राव घेऊन त्यातून जंतू वाढवून बघतात. त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. विलगीकरण लांबतं ते बहुतेक यामुळंच.

जंतांत सगळ्यात घातक स्ट्राँगिलॉइडिस. त्याच्या अळ्या कातडीतून आत शिरतात आणि शरीरातल्या शरीरातही वाढत राहतात. लहान पिल्लू यानं दगावतं. जंगलात हा त्रास आटोक्यात का राहतो बघा: ओरांगउटान रोज संध्याकाळी नव्या झाडावर फांद्या मोडून, वाकवून नवं घरटं बांधतो आणि कालची घाण कालच्या झाडावर राहते. पिंजऱ्यात तीच फरशी, तेच अंथरूण. म्हणून फरशी रोज धुऊन कोरडी करणं हे आयव्हरमेक्टिन या जंतांच्या गोळीइतकंच महत्त्वाचं औषध आहे. गोळी एकदा देऊन भागत नाही, दोनेक आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते आणि शेण पुन्हा तपासावं लागतं.

निपाणीकर

डॉक्टर, त्यांच्या गळ्याखाली पिशवी लोंबते ती कशाची? फोटोत मोठ्या नराची फार दिसते.

पशुवैद्य_चिकोडी

ती हवेची पिशवी. घशातल्या स्वरयंत्राला जोडलेली असते, गळ्याखालून छातीवर आणि पार काखेपर्यंत पसरते. नराची लांबवर जाणारी आरोळी आणि ही पिशवी यांचा संबंध लावतात. मादीलाही असते, लहान.

बंदिस्त ओरांगउटानच्या दुखण्यांत या पिशवीचा नंबर फार वरचा. सर्दी झाली की नाकामागचा स्राव ओघळून पिशवीत उतरतो. पिशवीला तळाशी वाट नाही, त्यामुळं पू साठतो. मग आडवं झालं की तोच पू फुप्फुसात जातो आणि न्युमोनिया होतो. लक्षणं: तोंडाला दुर्गंधी, गळ्याखाली फुगवटा, रात्रीचा खोकला, खाणं कमी. आधी वाफारा आणि प्रतिजैविकं. त्यानं हटलं नाही तर भूल देऊन पिशवी उघडायची आणि धुवायची. वाफाऱ्याचा मुखवटा तोंडाशी धरायला जनावर स्वतःहून तयार व्हावं लागतं, ते आधी महिनोन्‌महिने शिकवलेलं असावं लागतं. आजारी पडल्यावर शिकवायला गेलात तर उशीर झालेला असतो.

म्हणून केंद्रातली माणसं मुखपट्टी लावतात आणि सर्दी झालेल्याला कामावर घेत नाहीत. महाकपी (ओरांगउटान, गोरिला यांसारखे मोठे कपी) बघायला येणाऱ्यांनी किमान ७ मीटर लांब राहावं, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कोविडनंतर तो १० मीटर सांगतात.

जांबोटीचे_मास्तर

हे छान झालं. "रोज नवं घरटं" पोरांना लगेच पटेल. आता पिल्लाचं सांगा. अगदी तान्हं आलं तर?

मलप्रभा_काठ

मास्तर, मी सांगते. आधी एक गोष्ट ठळक अक्षरात घ्या: पिल्लू आईच्या अंगाला घट्ट धरून असतं. आईला मारल्याशिवाय ते सहसा हाती लागत नाही. म्हणजे केंद्रात आलेल्या जवळपास प्रत्येक तान्ह्यामागं एक मेलेली मादी आहे. आणि मादी सात-आठ वर्षांतून एकदाच वितं, तेही एकच पिल्लू. गेलेली मादी भरून निघत नाही ती यामुळं.

आलेल्या पिल्लाचे पहिले दोन दिवस पाण्याचे असतात. बहुतेकांना घरात डब्यातलं गोड दूध, भात, चहा असलं काहीतरी दिलेलं असतं. पश्चिम कालिमंतानात (कालिमंतान म्हणजे बोर्नियोचा इंडोनेशियातला भाग) २०१४ च्या शेवटी सोडवलेल्या बुडी नावाच्या पिल्लाला दहा महिने नुसत्या गोड आटवलेल्या दुधावर, कोंबडीच्या खुराड्यात ठेवलं होतं. अंगावर सूज, रक्त नाही, हाडं मऊ. अशा पोटावर एकदम पूर्ण दूध ओतलं तर जुलाब होऊन पिल्लू जातं. म्हणून क्रम असा: आधी क्षार-साखरेचं पाणी, मग अर्ध्या ताकदीचं दूध, एक-दोन दिवसांत पूर्ण. दूध म्हणजे माणसाच्या बाळाचं डब्यातलं दूध. जुलाब थांबत नसतील तर लॅक्टोज नसलेलं.

हिशेब: दिवसाला वजनाच्या साधारण २० टक्के. जन्मतः वजन दीड ते दोन किलो असतं. दोन किलोच्या पिल्लाला २४ तासांत साधारण ४०० मिली, दर तीन तासांनी म्हणजे आठ वेळा ५०-५० मिली. रात्रीसुद्धा. रोज सकाळी दुधाआधी, त्याच काट्यावर वजन. दोन दिवस वजन तिथंच राहिलं तर हिशेब बदलायचा.

चूक सगळ्यात जास्त कुठं होते, तर पाजताना. माणसाच्या बाळासारखं मांडीवर उताणं घेऊन पाजतात, दूध श्वासनळीत जातं. हे पिल्लू उभं, पोट टेकवून, काहीतरी मुठीत धरून प्यायला पाहिजे. आईच्या अंगावर ते तसंच पितं. म्हणून गुंडाळलेलं जाड टॉवेल किंवा घोंगडी लागतेच लागते. हाताला धरायला काही नसेल तर ते स्वतःलाच मिठी मारून डोलत बसतं, खाणं सोडतं. चार-सहा महिन्यांनंतर मऊ फळ, शिजवलेलं रताळं सुरू होतं, पण दूध पुढं बरीच वर्षं चालतं. जंगलात आई सहा ते आठ वर्षं पाजते.

न्यारू मेंतेंगसारख्या केंद्रात (मध्य कालिमंतान, १९९९ पासून) हे काम गावातल्या बायका करतात. कामाचं नावच "सांभाळणारी आई".

निपाणीकर

मग माणसाची सवय लागणार नाही का? आधी कुशीत घ्यायचं आणि नंतर जंगलात सोड म्हणायचं, हे कसं जमायचं?

मलप्रभा_काठ

लागते. सगळा पेच तिथंच आहे, अण्णा. कुशीत नाही घेतलं तर जगत नाही, घेतलं तर माणसाला चिकटतं. त्यावरचा उपाय म्हणजे कूस हळूहळू सुटत जाईल अशी शाळा.

पहिली शाळा तान्ह्यांची. सांभाळणारी सकाळी पिल्लाला पाठीवर घेऊन झाडीत जाते, संध्याकाळी परत आणते. तिथं ती स्वतः फार करत नाही. थोडी मोठी पिल्लं आणि लहान एकत्र सोडली की लहानं मोठ्यांचं बघून चढतात. दुसऱ्या टप्प्यात वन-शाळा: उचलून घेणं बंद, चालत किंवा झाडावरून यायचं. घरटं बांधायला, वाळवी काढायला, साल सोलून आतला गर खायला, उंबराच्या जातीची फळं ओळखायला शिकायचं. रबरी साप दाखवून आरडाओरडा करतात, म्हणजे सापाला घाबरायचं कळतं. भीतीसुद्धा आईच शिकवते, इथं आई नाही.

तिसरा टप्पा बेट. नदीतल्या झाडांच्या बेटावर माणूस राहत नाही. लांबून होडीनं जाऊन थोडं खाणं ठेवून येतात. ओरांगउटानला पोहता येत नाही, म्हणून बेटाला कुंपण लागत नाही. एक ते काही वर्षं तिथं. सगळं धरून सहा-सात वर्षं, म्हणजे आईबरोबर गेली असती तेवढीच. याला जवळचा रस्ता नाही.

रानवाट_लोंढा

एक पुरवणी. तयार झालाय की नाही हे ठरवताना "फळं ओळखतो का" यापेक्षा "दिवसातला किती वेळ जमिनीवर असतो" हे बघा. माणसात वाढलेले ओरांगउटान चालत फिरतात. जमिनीवर आला की जंत आले, माती-पाण्यातल्या जंतूंचा मेलिऑयडोसिस आला, ढगाळ बिबट्या आला आणि पायवाटेनं वस्तीत जाणं आलं. वर राहणारा टिकतो.

सोडल्यावर पाठलाग घरट्यापासून घरट्यापर्यंत करतात. पहाटे तो घरट्यातून उठायच्या आधी खाली पोचायचं, संध्याकाळी नवं घरटं बांधून झोपला की परतायचं. दर दोन मिनिटांनी नोंद: खातोय, फिरतोय, बसलाय, किती उंचीवर, काय खाल्लं. गळपट्टा बांधत नाहीत, कारण तो काढून टाकतो आणि हवेच्या पिशवीवर दाबही येतो. खांद्यांच्या मध्ये कातडीखाली छोटा रेडिओ बसवतात. बॅटरी दोन-तीन वर्षं चालते, पण डोंगराळ जंगलात रेडिओचा संदेश काहीशे मीटरच पोचतो. एकदा दरीपलीकडं गेला की अँटेना घेऊन चढत बसायचं.

अथणी_शिवार

एवढं सगळं बोर्नियोलाच कशाला? आपलं भीमगड आहे, कणकुंबीला तुफान पाऊस आहे. भारतात कुठं जप्त झालेला ओरांगउटान आपल्या पश्चिम घाटात सोडला तर चालणार नाही का? फणस, उंबर, जांभूळ सगळं आहे.

रानवाट_लोंढा

नाही चालणार. आपल्याकडं पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि फेब्रुवारीपासून मे पर्यंत निम्मं रान कोरडं. बोर्नियोत पाऊस बाराही महिने येतो. फळ कमी आलं तरी पाला, साल, वाळवी यांवर निभावतं, आणि तीनशेहून जास्त वनस्पती त्यांच्या खाण्यात नोंदवल्या आहेत. आपल्या घाटातल्या झाडांची ओळख त्याला कोण देणार?

शिवाय परक्या प्राण्याला आपल्या जंगलात सोडणं कायद्यातही बसत नाही आणि नीतीतही. तो आपल्या वानरांना काय रोग देईल आणि आपल्याकडून काय घेईल सांगता येत नाही. क्यासनूरचा ताप आपल्याच राज्यात, कर्नाटकात, १९५७ साली पहिल्यांदा ओळखला गेला, माकडांतून माणसापर्यंत गोचीड तो कसा आणते हे इथल्या माणसाला सांगायला नको.

खुद्द इंडोनेशियातही सुरुवातीला जिथं रानटी ओरांगउटान आहेत तिथंच सुटका केलेले सोडायचे. १९९० च्या दशकात ते थांबवलं. रानटी कळप असेल तिथं सोडायचे नाहीत, हे धोरण आलं. दुसरी चूक रक्ताची. बोर्नियोत तीन उपजाती आहेत. कुठला कुठून आला हे न बघता सोडल्यानं काही ठिकाणी वेगळ्या उपजातींची सरमिसळ झाली. आता डीएनए तपासल्याशिवाय जागा ठरवत नाहीत.

मलप्रभा_काठ

"रानटी कळप" नको म्हणूया, ओरांगउटान कळपात राहत नाही. नर एकटा, मादी पिल्लाबरोबर. भित्तिपत्रकात हा शब्द गेला तर पोरं वानरांसारखी टोळी समजतील.

रानवाट_लोंढा

बरोबर, अक्का. "रानटी ओरांगउटानची वस्ती" असं लिहा मास्तर.

खटला_पाहणारा_बेळगाव

कायद्याचं थोडक्यात. ओरांगउटान आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या, म्हणजे सायटीसच्या, परिशिष्ट १ मध्ये आहे. आपल्या वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ मध्ये २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिनं सायटीसमधले प्राणी अनुसूची ४ मध्ये आणले. नोंदणीशिवाय असा परदेशी प्राणी बाळगता येत नाही. जप्त झालेला प्राणी मूळ देशाशी बोलून परत पाठवण्याची वाट आहे. थायलंडनं २००६ साली बँकॉकमधल्या एका खासगी प्राणी उद्यानातले ४८ ओरांगउटान इंडोनेशियाला परत दिले, तेही डीएनए तपासून.

त्या वेळी भारतातला एकमेव म्हणून ओळखला जाणारा ओरांगउटान म्हणजे बिनी ही मादी. पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून २००३ साली ओडिशाच्या नंदनकाननला नेली होती, मे २०१९ मध्ये ४१ व्या वर्षी गेली. श्वसनाचं दुखणं होतं. आपल्या भागातल्या कितीतरी लोकांनी तिला कात्रजला पाहिलं असेल, हा धागा भित्तिपत्रकात घ्यायला हरकत नाही.

निपाणीकर

खाण्याचं राहिलं. केळी, सफरचंद देतात ना भरपूर?

पशुवैद्य_चिकोडी

भरपूर देणं हीच जुनी चूक, अण्णा. बाजारातलं केळं, द्राक्ष, आंबा आपण पिढ्यान्‌पिढ्या गोड करत आणलेत. जंगलातलं फळ त्यापुढं तुरट, चोथा जास्त, साखर कमी. त्यातून ओरांगउटानचं शरीर फळांच्या हंगामात चरबी साठवून कमी फळांच्या महिन्यांत ती वापरणारं. पिंजऱ्यात बारा महिने हंगामच. मग लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार. रानात प्रौढ मादी ३० ते ५० किलोची आणि गालाचे पडदे (दोन्ही गालांवरच्या मांसल झडपा) आलेला नर ८०-९० पर्यंत. बंदिस्तात यापेक्षा बरेच जड झालेले आढळतात.

चांगल्या केंद्रात पालेभाज्या, काकडी, शेंगा, फांद्यांसकट पाला हा मोठा वाटा. गोड फळ औषध लपवायला आणि शिकवताना बक्षीस म्हणून. आपल्या बेळगावी रताळ्याच्या जातीचं कंद चालतं, पण उकडून आणि मोजून. खाणं एकदम न देता दिवसात चार-पाच वेळा, विखरून.

बोर्नियोच्या मलेशियातल्या भागातलं, सबाहमधल्या सेपिलोकचं उदाहरण द्या. १९६४ सालचं केंद्र, भोवती ४३ चौरस किलोमीटरचं राखीव जंगल. तिथं सकाळी १० आणि दुपारी ३ ला मचाणावर खाणं ठेवतात आणि ते मुद्दाम एकसुरी ठेवतात. रोज तेच मिळालं की कंटाळून ते जंगलात शोधायला लागतात. तिथल्याच सारावाकमधल्या सेमेंगोह केंद्रात फळांच्या हंगामात मचाणावर कुणीच येत नाही. पाहुणे हिरमुसतात, पण तो दिवस केंद्राच्या यशाचा असतो.

कुलूप_किल्ली_गोकाक

पिंजऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. ओरांगउटानचं डोकं नटबोल्टात चालतं. साधा नट हातानं फिरवून काढतो, तोही दिवसाला थोडा-थोडा, माणूस नसताना. म्हणून बोल्टाची टोकं वेल्ड करतात, नाहीतर आतून हात पोचणारच नाही अशा बाजूला ठेवतात. दोन दारांमध्ये मोकळी खोली, दोन्ही कुलपं एकाच वेळी उघडी नाहीत. ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात फू मांचू नावाच्या नरानं १९६८ साली तारेच्या तुकड्यानं कुलूप उघडलं, तार तो गालात लपवून ठेवायचा. रात्री पिंजऱ्यात काय काय राहिलं याची यादी करणं म्हणूनच रोजचं काम.

खंदकाचंही तसंच. पाण्याला घाबरतो म्हणून खोल खंदक करतात आणि मग खेळताना घसरून बुडतो. काठ उतरता हवा, पाण्याखाली धरायला जाळी आणि दोर हवेत.

आत रिकामा पिंजरा म्हणजे शिक्षा. अग्निशामक दलाच्या जुन्या कॅनव्हास नळ्या विणून झोळे करतात, त्या तुटत नाहीत. भोकं पाडलेल्या लाकडात मध किंवा कालवलेलं पीठ भरतात, काडीनं काढून खायला तासभर लागतो. संध्याकाळी ताज्या फांद्या दिल्याच पाहिजेत. पिंजऱ्यातला प्राणीसुद्धा घरटं बांधायला बघतो.

जांबोटीचे_मास्तर

जे कधीच सोडता येत नाहीत त्यांचं काय होतं? हा प्रश्न पोरं सोडणार नाहीत.

मलप्रभा_काठ

आंधळे, हात गेलेले, क्षय किंवा कावीळ ब असलेले, आणि वीस-वीस वर्षं पिंजऱ्यात काढलेले. सुमात्रात आचेमध्ये मार्च २०१९ मध्ये एका मादीच्या अंगात छऱ्याच्या बंदुकीचे ७४ छरे सापडले, दोन्ही डोळे गेले. तिचं पिल्लूही वाचलं नाही. तिला 'होप' नाव दिलं. सगळे छरे काढत नाहीत. स्नायूत निपचित पडलेला छरा काढायला गेल्यास जखम मोठी होते. सांधा, डोळा किंवा पू झालेली जागा असेल तरच काढतात.

अशांना कायमचं बेट किंवा मोठं आवार. आणि खर्चाचा विचार करा: बंदिस्त ओरांगउटान ५० वर्षांच्या पुढंही जगतो. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातली पुआन २०१८ मध्ये ६२ व्या वर्षी गेली. तीन वर्षांच्या पिल्लाची जबाबदारी घेणं म्हणजे पुढच्या पिढीच्याही पगाराची सोय करणं.

आशेचंही लिहा. पांढरी मादी आल्बा २०१७ मध्ये कालिमंतानातल्या एका गावातून सोडवली, उन्हात डोळे दिपायचे. तरी डिसेंबर २०१८ मध्ये बुकित बाका बुकित राया राष्ट्रीय उद्यानात सोडली आणि तिच्याबरोबर एक सोबतीणही.

जांबोटीचे_मास्तर

शेवटची शंका. मुखपृष्ठावर सांभाळणारी बाई पिल्लाला कुशीत घेऊन बसल्याचं चित्र काढून ठेवलंय. फार गोड आलंय.

मलप्रभा_काठ

ते मुखपृष्ठावर नको, मास्तर. तेच चित्र बघून "आपल्यालाही एक पाहिजे" वाटतं. आत तिसऱ्या पानावर, मुखपट्टी लावलेली बाई आणि तिच्याकडं पाठ करून झाडावर चढणारं पिल्लू असं घ्या. मुखपृष्ठावर उंच झाडातलं घरटं, माणूस नाही.

रानवाट_लोंढा

आणि तळाला चौकटीत आपल्याकडचं: माकडाचं किंवा वानराचं पिल्लू सापडलं तर दूध पाजू नका, घरी नेऊ नका. आई जवळपास आहे का लांबून अर्धा-एक तास बघा, कुत्री लांब ठेवा, आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. कन्नड पानावरही हाच आकडा घाला.

जांबोटीचे_मास्तर

मुखपृष्ठ बदलतो. कच्चा मजकूर इथंच टाकतो, डॉक्टरांनी विलगीकरणाचं पान आणि अक्कांनी दुधाचा तक्ता एकदा तपासून द्यावा. कन्नड भाषांतराला कुणी आहे का? क्षयाची सूज आणि हवेची पिशवी हे दोन परिच्छेद अडलेत.

अथणी_शिवार

पाठवा मास्तर, कन्नड मी बघतो.